ज्याचा चेहरा, त्याची कॉपी

रोलचा कॅमेरा परत आला, असं आता नागपुरात कोणीही सांगतं. फुटाळ्याच्या काठावर संध्याकाळी उभं राहिलं, तर एखाद्या टोळक्यातल्या पोराच्या मनगटाला दोरीनं लटकलेला, साबणाच्या दोन वड्यांएवढा प्लॅस्टिकचा कॅमेरा दिसतो. त्याला मागे पडदा नाही, काढलेला फोटो लगेच पाहता येत नाही, आणि त्याचंच त्या पोरांना कौतुक असतं. हे पाहून आमच्या वयाची माणसं दोन तऱ्हांनी बोलतात. काही म्हणतात, "खिशात एवढा महागाचा मोबाईल असताना हे काय खूळ?" काही नुसतेच गहिवरतात, "जुने दिवस परत आले." मला या दोघांशीही भांडायचं आहे. साधा रोल कॅमेरा हे खूळ नाही. घरातले रोजचे फोटो काढायला त्याच्याइतकं कामाचं यंत्र माझ्या पाहण्यात दुसरं नाही. पण ज्या रीतीनं तो आज परत आला आहे, ती रीत मला मान्य नाही. फोटो काढून न्यायचा आणि ज्याचा काढला त्याच्या हातावर काहीच ठेवायचं नाही, ही शहराची जुनीच सवय. रोल कॅमेऱ्याच्या निमित्तानं तिला नवं कौतुक मिळालं आहे.

हे भांडण मी खेड्याच्या बाजूनं करतो, कारण खेड्यात फोटो फार उशिरा आला आणि आला तोही तुटपुंजा. आमचं गाव काटोल तालुक्यातलं, संत्र्याचं नि कापसाचं. माझ्या लहानपणी गावातल्या माणसाचा फोटो निघायचे प्रसंग बोटावर मोजण्याइतके. एक लग्न. दुसरी जत्रा, तिथं तंबूत रंगवलेल्या पडद्यापुढे पुठ्ठ्याच्या मोटरसायकलवर बसून फोटो काढून मिळायचा. तिसरं सरकारी काम, म्हणजे पासपोर्ट साइजचे तीन फोटो. हेडमास्तरांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. रुंद रोलचा डबा कॅमेरा, एका रोलमध्ये बारा फोटो. ते बारा फोटो पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी आणि सातवीचा निरोप समारंभ यातच संपत.

याचा परिणाम काय झाला तो गावातल्या कोणत्याही घरची फोटोची पिशवी उघडून पाहावा. सगळी माणसं उभी. हात मांड्यांना चिकटलेले, कपडे नवे, डोळे वटारलेले. ज्या बाईनं चाळीस वर्षं कापूस वेचला, तिचा ओटीत कापूस घेतलेला एकही फोटो नाही. ज्यानं जन्मभर वखर हाकलं, तो वखरावर नाही. काम करणारा माणूस फोटोत नाही, कारण काम सोडून, हातपाय धुऊन, नवा कपडा घालून आल्यावरच फोटो निघतो अशी आमची समजूत होती. फोटोवाला बोलवावा लागायचा, त्याला पैसे द्यावे लागायचे. मग मळक्या बंडीवर फोटो काढून पैसे वाया कोण घालवणार?

आणि मग माणूस मरतो. मेल्यावर भिंतीवर लावायला फोटो लागतो. घरात शोधाशोध होते. लग्नाच्या ग्रुप फोटोत तिसऱ्या रांगेत अर्धा चेहरा सापडतो, नाहीतर शेवटी आधार कार्ड काढतात. स्टुडिओवाला त्या कार्डावरचा नखाएवढा चेहरा मोठा करतो, मागे निळा रंग भरतो आणि खाली कोणा तिसऱ्याच माणसाचं धड जोडतो. जन्मभर धोतर-बंडीत राहिलेल्या बुढ्याला तेरवीच्या दिवशी कोट आणि टाय मिळतो. नातू विचारतो, "बाबाजी असे होते?" घरातलं कोणी उत्तर देत नाही. मी अशा फोटोंना हार घातलेले आहेत, आणि तुमच्यापैकीही अनेकांनी घातले असतील.

ही परिस्थिती ज्या यंत्रानं थोडी बदलली, ते यंत्र म्हणजे हा खिशात मावणारा कॅमेरा. अमेरिकेत जॉर्ज ईस्टमननं १८८८ मध्ये पहिला कोडॅक बाजारात आणला. त्यात शंभर फोटोंचा रोल भरूनच यायचा. माणसानं फक्त बटन दाबायचं आणि रोल संपला की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा, धुणं-छापणं तिकडे. फोटो काढायला फोटोवाला असणं जरुरीचं नाही, ही त्यातली खरी गोष्ट. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात हॉट शॉट आला, आणि बऱ्याच घरांत हॉट शॉट हे कॅमेऱ्याचंच नाव होऊन बसलं. पुढे कोडॅकचा केबी-१० आला. आमच्या घरात तो १९९८ साली आला. ईस्टमनची गोष्ट काटोल तालुक्यात पोचायला एकशे दहा वर्षं लागली.

आणला आत्यानं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. नागपूरला सीताबर्डीवर एरिअर्सच्या पैशांतून तिनं तो घेतला, तेव्हा घरात कुरबुर झाली, कारण त्याच पैशांत कुलर येत होता. त्या कॅमेऱ्यात शिकण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच त्याचं मोठेपण होतं. भिंग एका जागी पक्कं बसवलेलं. छिद्र बारीक, त्यामुळं चार-पाच फुटांपासून पुढचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट. शटरची गती ठरलेली. ऊन थोडं कमी-जास्त झालं तर कॅमेरा काही करायचा नाही, पण रंगीत निगेटिव्हचा रोल ते सांभाळून घ्यायचा. अंधारात दोन सेलवर फ्लॅश चमकायचा, तो आठ-दहा फुटांपर्यंत पोचायचा. अंगठ्यानं चाक फिरवलं की पुढचा फोटो तयार. आत्यानं हे सगळं माझ्या आजीला पाच मिनिटांत शिकवलं. आजीला अक्षरओळख नव्हती, तरी तिनं काढलेले दोन फोटो आजही घरात आहेत. त्यात आत्या आहे. एरवी कॅमेरा ज्याच्या हातात असतो, तो फोटोत कधीच सापडत नाही.

एका रोलमध्ये छत्तीस फोटो. नीट भरला तर सदतीस, कधी अडतीस. आत्याचा एक रोल पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत चालायचा. आज कोणाला हे ऐकून हसू येईल, कारण तेवढे फोटो आता वाढदिवसाचा केक कापताना निघतात. पण त्या छत्तीसांत काय असायचं ते ऐका. मटक्यावर लांब रोटी टाकणारी आजी, हात कोपरापर्यंत कणकेत. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला पळसाच्या पानानं तूप-हळद लावणारा आमचा सालगडी. विहिरीतला गाळ काढणारे चार जण, वरून काढलेले, म्हणून फक्त टोपल्या आणि डोकी. आंबिया बहाराच्या तोडीला आलेल्या बाया, संत्र्याच्या ढिगाजवळ बसून भाकर खाणाऱ्या. गावात आलेल्या एसटीचं पंक्चर चाक आणि भोवती जमलेलं अर्धं गाव. पावसानं पडलेली मागची भिंत. शाळेचा हातपंप. ताप आलेला मी, गोधडीत, नाक लाल.

छत्तीसच आहेत, म्हणून आत्या आधी बघायची आणि मग बटन दाबायची. पण नुसती काटकसर हे तिचं शहाणपण नव्हतं. सणाच्या दिवशी एक फोटो पुरे, बाकीचे कामाच्या दिवसांचे, असा तिचा हिशोब होता. सण दरवर्षी येतो, ती म्हणायची, गाळ काढणारा माणूस दरवर्षी तोच राहील याचा काय भरवसा? कोणी लाजलं तर ती ऐकायची नाही. सालगडी पहिल्यांदा म्हणाला होता, "बाईजी, माया फोटो कायले काढता? मी का नवरदेव आहो काय?" आजीही म्हणायची, "थांब माय, लुगडं बदलून येतो." आत्या म्हणायची, "बदलू नको, अशीच बस."

रोल संपला की तो काळ्या डबीत जायचा. एखाद्या शनिवारी आत्या एसटीनं नागपूरला जायची आणि रोल धुवायला टाकायची. पुढच्या खेपेला पाकीट घरी यायचं. त्यात कॉप्या, निगेटिव्हच्या पट्ट्या आणि फुकट मिळणारा प्लॅस्टिकचा अल्बम, ज्याच्या कव्हरावर कधी न पाहिलेल्या देशातले बर्फाचे डोंगर. रिकाम्या डब्या गावात वाटल्या जायच्या. कोणाच्या डबीत कुंकू, कोणाच्या डबीत चुना.

आता मुद्द्याची गोष्ट. आत्या प्रत्येक फोटोच्या दोन कॉप्या काढायची. एक आपल्या घरी, दुसरी ज्याचा चेहरा असेल त्याच्या घरी. चार जण असतील तर चार कॉप्या. यावरून घरात पुन्हा कुरबुर व्हायची. तोडीला येणाऱ्या बाया दुसऱ्या गावच्या, त्यांना कॉप्या द्यायला ती पुढच्या तोडीपर्यंत पाकीट सांभाळून ठेवायची. त्या कॉप्यांच्या मागे, फोटो काचेवर पालथा घालून हलक्या हातानं, ती बॉलपेननं तारीख आणि नावं लिहायची. नाव म्हणजे बाईचं स्वतःचं नाव. गावात सगळ्या बाया कोणाच्या तरी माय नाहीतर कोणाच्या तरी वहिनी असतात. सत्तर वर्षांच्या बाईचं नाव तिच्या नातवालाही ठाऊक नसतं. आत्या विचारून घ्यायची. काही जणी हसायच्या, एक-दोघी गप्प व्हायच्या, कारण बऱ्याच वर्षांत ते कोणी विचारलं नव्हतं.

सालगड्याच्या घरी ती खांदशेकणीची कॉपी आरशाच्या मागे खोचलेली असायची. घर मातीचं, वर कवेलू. एका पावसाळ्यात ती भिंत बसली आणि आरशासकट फोटोचा लगदा झाला. पुढे काही वर्षांनी माणूसही गेला. तेरवीच्या आधी त्याची पोरगी सासरहून आली आणि आत्याकडे येऊन दारात उभी राहिली. "बाईजी, माया बाबाचा तो बैलाजवळचा फोटो तुमच्यापाशी आहे का?" आत्यानं पेटीतून पाकीट काढलं. वर लिहिलं होतं, पोळा १९९९. आमची कॉपीही तोवर कोणी पाहुण्यानं नेलेली. पण निगेटिव्ह होतं. दोन दिवसांत नागपूरहून मोठी कॉपी करून आणली. हातात पळसाचं पान, बैलाच्या खांद्यावर हात, अंगात रोजची बंडी, आणि कोणीतरी बाजूनं काही बोललं असावं म्हणून अर्धवट हसू. त्या माणसाला मेल्यावर कोट घालावा लागला नाही.

माझा सगळा वाद या निगेटिव्हच्या पट्टीसाठी आहे. फोटो काढणं आणि फोटो ठेवणं ही दोन कामं आहेत. मोबाईलनं पहिलं काम इतकं सोपं केलं की दुसरं आपण विसरलो. गावात आज प्रत्येक घरात दोन मोबाईल आहेत, आणि प्रत्येकात हजारो फोटो. त्यातला एक कागदावर दाखवा म्हटलं तर दाखवता येत नाही. मोबाईल विहिरीत पडतो, चोरीला जातो, चार वर्षांत बंद पडतो. जागा भरली म्हणून पोरगा पुसून टाकतो, आणि पुसताना सकाळचे शुभसंदेश आणि मायचा फोटो एकाच बोटानं जातात. तो वर कुठेतरी आपोआप साठवलेला असतो म्हणतात. असेलही. पण त्याचा पासवर्ड ज्याला माहीत होता तोच गेला, तर घरच्या बाईनं कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं? आत्याच्या पेटीला पासवर्ड नव्हता. पट्टी उजेडात धरली की काय आहे ते निरक्षर माणसालाही कळतं.

यावर लोक म्हणतात, मोबाईलमधल्या फोटोचीही कॉपी निघते की. निघते. काढणाऱ्याला माझा नमस्कार, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण किती जण काढतात? रोल कॅमेऱ्यात हा प्रश्नच उभा राहत नाही. धुतल्याशिवाय फोटो दिसत नाही, आणि धुतला की वस्तू हातात येते. फोटो आणि त्याची ठेव एकाच कामात उरकतात, माणसाच्या शिस्तीवर काही सोडावं लागत नाही. माणसाची शिस्त किती दिवस टिकते ते आपण सगळे जाणतो.

निगेटिव्ह अमर आहे असंही मी म्हणत नाही. रंगीत निगेटिव्हचे रंग वर्षांनी उतरतात, ओल लागली तर बुरशी येते. पण कोरड्या पेटीत, कागदाच्या पाकिटात ते एक पिढी सहज निघतं. तेवढं पुरे आहे. पुढच्या पिढीनं पुढचं पाहावं.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. एकेकाळी या देशात रोल बनत होता. उटीला १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना निघाला, त्याचा इंदू नावाचा कृष्णधवल रोल दुकानादुकानात मिळायचा. तो कारखाना बंद पडला. आज रंगीत रोल बाहेरून येतो आणि एकाला हजाराच्या आसपास मोजावे लागतात. धुणं वेगळं, कॉप्या वेगळ्या. गल्लीतल्या धुण्याच्या मशिनी कधीच भंगारात गेल्या, म्हणून बहुतेकांना रोल कुरियरनं पाठवावा लागतो. सगळं मिळून एका रोलमागे दोन हजार धरा. शेतकऱ्याच्या घरात दोन हजार ही लहान रक्कम नाही.

पण वर्षाला एकच रोल घ्या. छत्तीस फोटो, महिन्याला तीन. अर्ध्या चौकटीचे कॅमेरे आता पुन्हा निघाले आहेत. कोडॅकच्या नावाचा एक प्लॅस्टिकचा आहे, पेंटॅक्सनं २०२४ मध्ये चांगला पण महागडा एक काढला. त्यात छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो बसतात, म्हणजे महिन्याला सहा. तीन भावांनी मिळून रोल घेतला तर खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येतो. आणि हा हिशोब ज्या घराला जड वाटतो, त्याच घरच्या लग्नात ड्रोन उडतो, लग्नाआधी नवरदेव-नवरी रामटेकला जाऊन भाड्याच्या गाऊनमध्ये फोटो काढून येतात, आणि पेटीएवढा अल्बम छापून येतो. त्या अल्बममध्ये स्वयंपाक करणाऱ्या बाया नसतात. एका दिवसासाठी पन्नास हजार आणि उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांसाठी दोन हजारही नाहीत, तर अडचण फक्त पैशाची नाही. आपल्याला आपला रोजचा दिवस फोटोच्या लायकीचा वाटत नाही, हे खरं दुखणं आहे.

आता शहरातल्या हौशी मंडळींकडे वळतो. त्यांना रोजचा दिवस फोटोच्या लायकीचा वाटतो, पण दुसऱ्याचा. पोळ्याला आणि दुसऱ्या दिवशी मारबतीला नागपुरात नि आसपासच्या गावांत कॅमेरे घेऊन माणसं उतरतात. इतवारी-महालच्या गल्ल्यांत काळी आणि पिवळी मारबत निघते तेव्हा गर्दीत कॅमेरेच कॅमेरे. तिथं माझी तक्रार नाही, मिरवणूक सगळ्यांची आहे. तक्रार आहे ती गावाच्या ओट्यावर. रोल कॅमेरा घेऊन येणारा तरुण सुरकुत्या शोधत येतो. ओट्यावरची बुढी त्याला पाहून पदर सावरते, हसते, तर तो म्हणतो, "हसू नका आजी, मघाशी होत्या तशाच बसा." ती तशी बसते. पाहुण्याला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. मग तो म्हणतो, "कॉपी पाठवतो नक्की." पत्ता लिहून घेतो. बुढी पुढचे सहा महिने पोस्टमनला विचारत राहते.

आमच्या गावात एका पोळ्याला अशीच एक मंडळी आली होती. चांगली पोरं होती, चहा प्यायली, बैलांना हात लावून पाया पडली. बरेच फोटो काढले. कॉपी एकही आली नाही. पुढे त्यातला एक फोटो गावातल्या कोणाच्या तरी मोबाईलवर फिरत आला. फोटो सुंदर होता, ते मी नाकारत नाही. भेगाळलेले हात, हातात कासरा. खाली लिहिलं होतं, 'विदर्भाचा शेतकरी'. नाव नाही. ते हात आम्ही ओळखले. ज्याचे होते त्याच्या नावावर एक गुंठा जमीन नाही, बापापासून तो दुसऱ्याच्या शेतावर सालानं राहतो. नाव विचारायला एक मिनिट लागलं असतं. विचारलं असतं तर शेतकरी हा शब्द तिथं आला नसता, आणि मग फोटोखाली जे लिहावं लागलं असतं ते कदाचित जास्त खरं आणि जास्त अडचणीचं झालं असतं.

या मंडळींचा दुसरा प्रकार असा की ती रोल धुतात, पण कॉपी काढतच नाहीत. दुकानदार फोटो स्कॅन करून मोबाईलवर पाठवतो, तिथून ते जगाला दाखवले जातात आणि निगेटिव्ह दुकानातच पडून राहतं. कित्येक जण ते घ्यायलाही जात नाहीत. मग रोलनं काढलं कशाला? त्या पिवळट रंगासाठी, त्या दाण्यांसाठी, कडेला उजेड शिरून पडणाऱ्या लाल पट्ट्यासाठी. आमच्या आत्याच्या रोलवर एकदा असा लाल पट्टा आला होता, पोरांनी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडल्यामुळं. त्यात बारशाचे चार फोटो गेले आणि बाळंतीण रडली. तिच्या रडण्याचा आज लोक मुद्दाम देखावा करतात. ज्यांना हौस आणखी मोठी, ते परदेशी नटनट्यांनी नावारूपाला आणलेला कॉन्टॅक्स टी-२ सारखा जुना खिशातला कॅमेरा मोटरसायकलच्या किमतीत विकत घेतात. घ्यावा, पैसा त्यांचा. पण त्याला साधेपणा म्हणू नये. साधेपणा केबी-१० मध्ये होता, कारण तो मास्तरणीला परवडत होता आणि निरक्षर आजीला वापरता येत होता.

मी कोणाला रोल कॅमेरा टाकून द्या म्हणत नाही. उलट घ्या म्हणतो. जुन्या बाजारात अजून साधे कॅमेरे मिळतात, घरातल्या माळ्यावरही एखादा सापडेल. सेलची जागा हिरवी पडली असेल तर पुसून घ्या. दोनशे किंवा चारशेचा रोल घाला. ऊन पाठीशी ठेवा, माणसापासून दोन-तीन पावलं मागे राहा. मे महिन्यात नागपूरचं ऊन पंचेचाळीसच्या वर जातं, तेव्हा रोल गाडीत काचेखाली ठेवू नका, उष्णतेनं त्याचे रंग बिघडतात. घरातल्या थंड कोनाड्यात ठेवा. धुवायला दिलात की निगेटिव्ह मागून घ्या, पट्ट्या कागदी पाकिटात ठेवा, पाकिटावर महिना आणि साल लिहा. कॉपीच्या मागे नावं लिहा, बाईचं तिच्या नावानं लिहा. आणि कॅमेरा कधीतरी दुसऱ्याच्या हातात द्या, म्हणजे तुम्हीही कुठेतरी उराल.

आणि गावात राहणाऱ्या माझ्या माणसांना सांगायचं आहे ते इतकंच, की कोणी येऊन आपला फोटो काढेल याची वाट पाहू नका. माय रोटी टाकत असेल तेव्हा काढा, बाप डवरा हाकत असेल तेव्हा काढा, लुगडं बदलू देऊ नका. गड्याचा काढा आणि त्याला कॉपी द्या. आधार कार्डाच्या फोटोवर आपल्या माणसाची आठवण सोडू नका. ते कार्ड सरकारसाठी आहे.

शहरातून येणाऱ्यांना गाव कधी नको म्हणालं नाही, पुढेही म्हणणार नाही. ओट्यावर बसा, चहा घ्या, हवे तेवढे फोटो काढा. फक्त येत्या पोळ्याला याल तेव्हा मागच्या पोळ्याच्या कॉप्या घेऊन या. बुढी अजून पोस्टमनला विचारते आहे.